घरात एकाचा तरी धाक पाहिजे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी घरांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. नातवंड अंगणात लोळण घेऊन किंचाळत असतं, शेजारच्या दोघी-तिघी दारात आलेल्या असतात, सून त्याला उचलू बघते आणि कट्ट्यावर बसलेले आजोबा हवेत बोलल्यासारखं बोलतात, "घरात एकाचा तरी धाक पाहिजे." वाक्य कोणासाठी आहे ते सगळ्यांना कळतं. मूल चारचौघांसारखं असेल तर त्यावरून झालेली धुसफूस दोन दिवसांत विरते. मूल स्वमग्न (ऑटिझम असलेलं) असेल, अतिचंचल असेल, समजेनं वयाच्या मागं असेल, तर तेच वाक्य त्या घरात मुक्कामाला येतं.

मराठीत शिस्तीच्या आसपास फिरणारे दोन-तीन शब्द आहेत आणि भांडणात ते एकमेकांत मिसळून जातात. धाक माणसाला चिकटलेला असतो. तो माणूस उठून गेला की धाकही उठून जातो. वळण वेगळं. अक्षराला वळण असतं. दोडक्याचा वेल मांडवावर चढवताना त्याला वळण देतात, रोज थोडं, एकाच बाजूला, सुतळी सैल बांधून. एका दिवसात ओढून चढवायला गेलं तर शेंडा मोडतो. आजोबांना खरं तर हवं असतं वळण, मागतात मात्र धाक. आई-वडील धाकाला नाही म्हणतात आणि त्या भरात वळणाचंही नाव टाकतात. या भांडणात आजोबांचं अर्धं बरोबर असतं. ते अर्धं कोणी कबूल करत नाही, म्हणून उरलेलं अर्धंही ते सोडत नाहीत.

"ऐकत नाही" हा शब्दप्रयोगही असाच फसवा. आपल्याकडे ऐकणं म्हणजे कानावर येणंही आणि सांगितलेलं करणंही. दोन्हींत किती अंतर असू शकतं, हे अशा मुलाच्या घरी कळतं. हाक मारल्यावर मान न वळवणाऱ्या मुलाचे आधी कान तपासायचे असतात. त्यासाठी 'बेरा' नावाची चाचणी असते. मूल झोपेत असताना करतात, त्याला काहीच सांगावं लागत नाही. कान ठीक निघाले की मग पुढचा प्रश्न, की कानावर आलेलं आत पोचतं कसं, आणि पोचल्यावर अडतं कुठं.

अडण्याची जागा प्रत्येकाची वेगळी. अतिचंचल मुलाला, ज्याला डॉक्टर एडीएचडी म्हणतात, नियम तोंडपाठ असतो. "रस्त्यावर पळायचं नाही" असं तेच म्हणून दाखवतं आणि म्हणता म्हणता पळतं. त्याचा ब्रेक उशिरा लागतो. रविवारी मिळणारं बक्षीस किंवा बाबा आल्यावर होणारी शिक्षा त्याच्या लेखी नसल्यातच जमा, जे काही ते तिथल्या तिथे हवं. ४ ते ६ वर्षांच्या अशा मुलांसाठी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा पहिला सल्ला गोळीचा नाही, मुलाची वागणूक कशी हाताळायची याचं पालकांना प्रशिक्षण देण्याचा आहे. स्वमग्न मुलाला नियमच दिसत नाही. मोठ्यांच्या कपाळावरच्या आठ्या वाचून आपल्याला कळतं, त्याला त्या आठ्या नुसत्या रेषा. म्हणून आजोबा रागावले की ते कधीकधी हसतं. लाल झालेला चेहरा, मोठा आवाज, हलणाऱ्या मिशा, सगळंच बघण्यासारखं असतं. आजोबांना वाटतं पोरगं निगरगट्ट आहे. डाउन सिंड्रोमचं, म्हणजे जन्मतः एक गुणसूत्र जास्त असलेलं मूल बहुधा माणसांचं भुकेलं. ते भर बाजारात बसकण मारतं, आणि चार माणसं हसली की बसकणीचा खेळ होतो. ज्याची समज मागे आहे ते दिसायला आठ वर्षांचं आणि आतून तीन वर्षांचं, त्याला आठाची शिक्षा केली तर ती वाया जाते. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवर ताबा नसलेल्या मुलाचा हातच त्याचं ऐकत नाही, त्यानं सांडलेल्या दुधाला 'मुद्दाम' म्हणणं हा शुद्ध अन्याय. कारणं पाच, आणि घरात उपाय मात्र एकच: एक ठेवून दिली की सरळ होईल.

आजोबांची बाजू इथे थोडी मांडली पाहिजे. त्यांच्या तरुणपणी या मुलांना नाव नव्हतं. खुळं, अर्धवट, हट्टी, एवढ्यावर भागायचं. स्वमग्नतेचं नीट वर्णन लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली केलं, पण आपल्या १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात ७ प्रकार होते आणि त्यांत स्वमग्नता नव्हती. त्या यादीत ती आली २०१६ च्या कायद्यात, २१ प्रकारांमध्ये. म्हणजे ज्या गोष्टीला सरकारनंही उशिरा ओळखलं ती कट्ट्यावर बसून आजोबांनी ओळखावी अशी अपेक्षा आपण करतो. आणि "आईचं लक्ष नाही, म्हणून असं झालं" हे तर फक्त आजीनं काढलेलं नाही. १९५० आणि १९६० च्या दशकांत परदेशातले मोठमोठे डॉक्टरही आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होतं असं मानत होते. ते मत मोडीत निघून अनेक वर्षं झाली. घराघरांत ते अजून जिवंत आहे, एवढंच.

आता लोळण घेतलेल्या त्या मुलाकडे वळू. ते हट्ट करतंय की त्याचा स्फोट झालाय, हे आधी ओळखायचं, कारण दोन्हींचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत. हट्ट करणारं मूल मधूनच डोळा उघडून कोण बघतंय ते बघतं. स्वतःला फार लागू देत नाही. हवं ते मिळालं की अश्रूंसकट थांबतं. स्फोट झालेल्या मुलाला प्रेक्षकांची गरज नसते. खोलीत कोणी नसलं तरी चालूच. मागितलेली वस्तू हातात दिली तरी ती फेकतं. डोकं फरशीवर आपटतं, हात चावतं, आणि संपल्यावर गळून झोपतं. याचं मूळ बहुधा तासभर आधी पडलेलं असतं. कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, पाहुण्यांची गर्दी, कॉलरला टोचणारी कापडी चिठ्ठी, नेहमीची वाट सोडून वेगळ्या गल्लीनं घेतलेलं वळण, अचानक बंद झालेला टीव्ही. भांडं थेंबाथेंबानं भरतं आणि शेवटच्या थेंबाला सगळे दोष देतात: "एवढंसं बिस्किट मोडलं म्हणून एवढा तमाशा!"

स्फोटात करायचं ते फार थोडं असतं, आणि तेच मोठ्या माणसांना जमत नाही. बोलणं बंद. टीव्ही, पंख्याचा आवाज, ट्यूबलाइट कमी करायची. आसपासचं स्टूल, तांब्या, कात्री दूर सरकवायची. डोक्याखाली उशी किंवा घडी घातलेली वाकळ सरकवायची. शेजाऱ्यांना हातानं खूण करून घरी पाठवायचं. धरून ठेवायचं फक्त चुलीजवळ, रस्त्यावर किंवा विहिरीजवळ. मूल स्वतःला दाबून घेऊ देणारं असेल तर मागून घट्ट मिठी चालते, पण काहींना स्पर्शच आगीसारखा लागतो, तिथे मिठीनं वाढतं. शांत झाल्यावर पाणी. उपदेश त्या दिवशी नाही. "आता कळलं का, पुन्हा करशील?" हा प्रश्न तर अजिबात नाही, ज्याचं सगळं अंग थरथरून नुकतंच थांबलंय त्याला प्रश्न म्हणजे पुन्हा एक आवाज.

अशा वेळी थप्पड मारली तर काय होतं? कधीकधी मूल खरंच गप्प होतं. आजोबांचा हाच पुरावा असतो: "बघा, झालं की नाही गप्प?" ते गप्प होणं दचकून थिजणं असतं. त्यातून शिकलं जातं ते इतकंच की हे आजोबा जवळ आले की दुखतं. काही मुलांना दुखणंच कमी जाणवतं. मग दुसऱ्या वेळी जोर वाढवावा लागतो, तिसऱ्या वेळी काठी. आणि पंधरा दिवसांनी तेच मूल धाकट्या बहिणीच्या पाठीत धपाटा घालतं, वर आजोबांच्याच सुरात म्हणतं, "सरळ करतो तुला!" नक्कल हीच ज्याची शिकण्याची वाट आहे ते मूल सगळ्यात आधी आपली थप्पडच उचलतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती घरात कोणी बोलत नाही. ही मुलं बाहेरच्यांच्या हातून छळली जाण्याची शक्यता जास्त असते आणि झालेलं सांगता येण्याची शक्यता कमी. "कोणी मारलं तर घरी येऊन सांग" हे वाक्य त्याच घरात कामाला येतं जिथे मारणं ही सांगण्यासारखी गोष्ट असते.

शाळेत मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम १७ नं बंदी आहे, मानसिक छळालाही आहे. त्या कलमाला घराचा उंबरा ओलांडता येत नाही. २०१६ मध्ये ७५ अभ्यासांचा, १ लाख ६० हजारांहून जास्त मुलांचा एकत्र आढावा निघाला. चापट मारण्याशी जोडलेले परिणाम त्यात वाईटच निघाले, मुलं सुधारल्याचं काही सापडलं नाही. पण हा आकडा आजोबांपुढे ठेवून उपयोग नाही. त्यांचं उत्तर तयार असतं: "आम्ही मार खाल्ला, आम्ही काय बिघडलो?" इथे वाद घालू नये. न बिघडलेला माणूस समोर बसलेला असतो.

आजीशी असलेला मतभेद याहून अवघड, कारण तो गोड असतो. आजोबा मारतात ते दिसतं. आजी पदराआडून कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या दुधाच्या मिठाईचा, घास देते, मोबाईल देते, "असू दे, बिचारं आहे" म्हणते, आणि हे कोणी मोजत नाही. मुलानं ओरडल्यावर दहापैकी नऊ वेळा काही मिळालं नाही आणि दहाव्या वेळी आजीनं दिलं, तर मुलानं शिकलेला धडा असा: दहा वेळा ओरडायचं. वागणूक शिकण्याच्या शास्त्रात हे जुनं आणि पक्कं आहे. दर वेळी मिळणारं बक्षीस थांबलं की सवय लवकर सुटते, अधूनमधून मिळणाऱ्याची सवय सगळ्यात चिवट. लॉटरीवाले यावरच जगतात. तेव्हा एकाच घरात आजोबांची थप्पड आणि आजीचा कुंदा असेल, तर मूल एकाच वागण्याला सकाळी मार आणि दुपारी गोड खातं. त्याला नियम सापडणार कुठून?

बक्षीस द्यायचंच नाही असं कोणी म्हणत नाही. लाच आणि बक्षीस यांत फरक वेळेचा आहे. ओरडायला लागल्यावर देतो ती लाच. काम झाल्यावर, तेही दोन-तीन सेकंदांत देतो ते बक्षीस. चिमूटभर चिरमुरे पुरतात. वाटीभर दिले तर पोट भरतं आणि पुढच्या कामाला काही उरत नाही. आजीच्या हातात चिरमुऱ्यांचा छोटा डबा द्यावा आणि देण्याचा मानही तिलाच द्यावा, फक्त "आधी चप्पल जाग्यावर, मग आजीचे चिरमुरे" या क्रमानं. तिचा लाड बंद होत नाही, त्याला रांग लागते.

वाद मिटवायला मला सगळ्यात उपयोगी वाटते ती भिंतीवरची दिनदर्शिका. महिन्याच्या पानावर तारखेच्या चौकोनात दुधाचा हिशेब लिहायची सवय घरोघर आहे. तिथेच पंधरा दिवस चार गोष्टी लिहायच्या: किती वाजता झालं, त्याच्या आधी पाच मिनिटांत काय झालं होतं, मुलानं नेमकं काय केलं, आणि नंतर त्याला काय मिळालं. "दंगा केला" असं लिहायचं नाही. "ताट ढकललं, सात मिनिटं रडला" असं लिहायचं. 'नंतर काय मिळालं' हा रकाना प्रामाणिकपणे भरला तर घरातल्या मोठ्यांचीच गंमत बाहेर पडते. मुलं बहुधा चार कारणांनी अशी वागतात: नको त्या कामातून सुटायला, कोणीतरी बघावं म्हणून, एखादी वस्तू हवी म्हणून, किंवा अंगाला तसंच बरं वाटतं म्हणून. अभ्यासाला बसवल्यावर पुस्तक फाडणाऱ्याला "ऊठ, जा बाहेर!" ही शिक्षा केली, की त्याला हवं तेच मिळालं. पुढच्या आठवड्यात पुस्तकं जास्त फाटतात.

हे लिखाण आजोबांनीच करावं. सातबारा आणि सोसायटीचं खातं आयुष्यभर सांभाळलेल्या माणसाच्या हातात नोंद दिली की तो ती चोख ठेवतो, आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं नाकारणं जड जातं. "रोज संध्याकाळी सातला होतंय, पाहुणे आले की जास्त" हे सुनेनं सांगितलं तर सबब, आजोबांनी शोधलं तर अक्कल. असो, कोणाच्या का तोंडून होईना, सापडलं म्हणजे झालं. एक मात्र लक्षात ठेवायचं. आतापर्यंत नसलेली वागणूक एका आठवड्यात अचानक आली, तर दिनदर्शिकेच्या आधी दात, कान, पोट साफ होणं, झोप हे बघायचं. ज्याला "दुखतंय" म्हणता येत नाही ते डोकं आपटून सांगतं. मध्येच नजर हरवत असेल, हाक पोचत नसेल, तर फिट्सची शक्यता डॉक्टरांकडून तपासून घ्यायची. दुखण्यावर दिलेला मार कोणालाच आयुष्यभर विसरता येत नाही.

सांगायची पद्धतही बदलावी लागते. आजोबा कट्ट्यावरून सांगतात, "अरे चढू नको, पडशील, किती वेळा सांगायचं, खाली ये बघू, येतोस का नाही?" वाक्यं पाच, मुलाला शेवटचा शब्द ऐकू आला तर आला. त्याऐवजी हातभर अंतरावर जायचं, नाव घ्यायचं, दोन शब्द बोलायचे: "पाय खाली." काय नको हे सांगण्यापेक्षा काय हवं ते सांगायचं, कारण "चढू नको"मधला 'चढ' तेवढा पोचतो. मग मनातल्या मनात दहा आकडे मोजायचे. हे दहा आकडे मोठ्यांना फार लांब वाटतात. मध्येच शब्द बदलून पुन्हा सांगितलं की मुलाचं आतलं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. दहानंतरही हललं नाही तर त्याच शब्दांबरोबर हात दाखवायचा, मग हात धरून करवून घ्यायचं. सांगितलेलं होणारच, ओरड्याशिवाय होणार. ही शिस्त कडक आहे. लाडाची म्हणता येणार नाही.

सीमाभागात यात एक गाठ जास्तीची. घरात मराठी, अंगणवाडीत कन्नड, शाळेत इंग्रजी, टीव्हीवर हिंदी. "चार भाषांनी पोराचं डोकं फिरलं" असं आजोबा म्हणतात, आणि काही वेळा उपचार करणारेही सांगतात की एकच भाषा ठेवा. अनेक भाषा कानावर पडल्यानं स्वमग्नता होत नाही, आणि दोन भाषांत वाढणारी स्वमग्न मुलं त्यामुळे जास्त मागे पडतात असं अभ्यासांतही दिसलेलं नाही. घरातली मराठी काढून टाकली तर मुलाचे आजी-आजोबाच मुके होतात, हे नुकसान कुठल्या चाचणीत मोजत नाहीत. पण हुकमाचे शब्द तेवढे एक ठेवावेत. आई "थांब", शेजारच्या अक्का "निल्लु", मोठा भाऊ "स्टॉप" म्हणाला, तर मुलासाठी ते तीन वेगळे आवाज. थांब, ये, बस, दे, झालं, मदत. एवढे सहा शब्द ठरवून स्वयंपाकघराच्या दारावर लिहून लावायचे आणि सगळ्यांनी तेच वापरायचे, अक्कांनीही.

शब्द कमी पडतात तिथे चित्रं. बाजारातली कार्टूनची चित्रं नकोत. आपलीच बादली, आपलंच ताट, आपलाच झोपाळा यांचे मोबाईलवर फोटो काढून छापून घ्यायचे, लॅमिनेट करायचे, पाठीमागे वेल्क्रोची पट्टी. सुरुवातीला दोनच लावायची, डावीकडे 'आधी', उजवीकडे 'मग'. जमलं की चार-पाच. उंची मुलाच्या डोळ्यांची. देवघराशेजारी मोठ्यांच्या उंचीवर लावलेला तक्ता पाहुण्यांना दाखवण्यापुरता राहतो. झालेल्या कामाचं चित्र मुलानंच काढून डब्यात टाकायचं. गोष्ट 'संपली' हे त्याच्या हातांना कळायला हवं.

एवढं सगळं सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात वागणूक बिघडते. हे आधी सांगून ठेवलं नाही तर घर तिथेच मोडतं. आतापर्यंत ओरडल्यावर मोबाईल मिळत होता, आता मिळत नाही, तर मूल आधी जास्त जोरात ओरडून बघणारच. विझायच्या आधी दिवा मोठा होतो तसं. आजोबा म्हणतात, "बघा तुमचं शास्त्र! आधी दहा मिनिटं रडत होता, आता अर्धा तास." पाचव्या दिवशी कोणीतरी कंटाळून मोबाईल देतं, आणि मूल शिकतं की पाच दिवस रडलं की मिळतं. म्हणून एका वेळी एकच सवय घ्यायची, ती घेताना घरात लग्न, बारसं, जत्रा नाही ना हे बघायचं, आणि दिनदर्शिकेवर पंधराव्या दिवसाला खूण करून सगळ्यांना सांगायचं: या तारखेपर्यंत वाढेल, घाबरायचं नाही, त्याआधी निकाल लावायचा नाही.

पण हे आजोबांना सांगायचं कोणी? इथे बहुतेक घरं चुकतात. मुलाला घेऊन उपचार केंद्रात सून जाते. निपाणीकडची माणसं कोल्हापूरला जातात, खानापूरची बेळगावला. उपचार करणारी बाई कन्नड-इंग्रजीत समजावते, सून ते मराठीत आणते आणि घरी येऊन सासऱ्याला सांगते. तीन तोंडांतून येता येता "मारू नका, त्याऐवजी हे करा" याचं "डॉक्टर म्हणाले लाड करा" असं होतं. शिवाय सुनेनं सासऱ्याला 'मारू नका' म्हणणं हा आमच्याकडे मुलाच्या विषयाहून मोठा विषय होतो. स्वतःच्या वडिलांशी सुनेच्या नवऱ्यानं बोलावं, आणि आईशीही त्यानंच. बोलणं स्फोटाच्या वेळी नको, पाहुण्यांसमोर नको. सकाळचा चहा झाल्यावर, शेताला निघायच्या आधी. "आप्पा, तुमचं चुकतं" अशी सुरुवात केली तर संपलंच. "आप्पा, महिनाभर असं करून बघू, नाही जमलं तर परत बोलू" याला ते मान हलवतात. एकदा तरी त्यांना केंद्रात घेऊन जायचं, पाऊण तास बाहेर बाकावर न बसवता आत बसवायचं, आणि मराठी बोलणाऱ्या कोणाला तरी त्यांच्याशी थेट बोलायला सांगायचं.

शेती केलेल्या माणसाला अभ्यासाचे आकडे लागत नाहीत, त्याला खोंड आठवून द्यावा. नवा खोंड कामाला लावताना त्याला एकट्याला जुंपून चाबूक ओढत नाहीत. जुन्या, शांत बैलाच्या जोडीला जुंपतात. रिकामी गाडी, छोटी फेरी, ठरलेली वाट. फार मारलेला खोंड एकतर मारका होतो नाहीतर जुवाखालीच बसतो. हे आजोबांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. ते नातवाला लागू पडतं हे कोणी म्हटलेलं नसतं, इतकंच. आणि या सगळ्या रागाच्या तळाशी त्यांची एक भीती असते, ती क्वचित बोलली जाते: आमच्यामागं याला कोण सांभाळणार? आज मी सरळ केलं नाही तर उद्या जग मारेल. ती भीती खरी आहे. तिला "तुम्हाला कळत नाही" हे उत्तर नव्हे.

गंमत अशी की या मुलाला जे सगळ्यात जास्त लागतं ते घरात आजोबांकडेच असतं. पहाटे ठरल्या वेळी उठणं, एकाच तांब्यानं अंघोळ, गुरांना त्याच क्रमानं वैरण, तिन्हीसांजेला दिवा, मग हरिपाठ, साडेआठला जेवण. तरुण आई-वडिलांचा दिवस कामाप्रमाणे रोज वेगळा, आजोबांचा वर्षानुवर्षं तोच. थेरपीच्या वर्गात ज्याला दिनक्रम म्हणून चित्रांच्या पट्टीवर लावतात, तो धोतर नेसून घरात फिरत असतो. म्हणून त्यांना 'मारू नका' एवढंच सांगण्याऐवजी दिवसातल्या दोन वेळा त्यांच्याकडे द्याव्यात. सकाळी परसातल्या झाडांना पाणी: दोन-दोन लिटरच्या कळशीच्या पाच-सहा फेऱ्या. ओझं वाहिलं की अशा अनेक मुलांचं अंग थाऱ्यावर येतं, अभ्यासाच्या आधी हे काम झालेलं बरं. आणि संध्याकाळचा दिवा: वात मुलानं ठेवायची, काडी आजोबांनी ओढायची, 'शुभं करोति'ची शेवटची ओळ मुलासाठी रिकामी सोडायची आणि दहा आकडे थांबायचं. टाळाचा आवाज सोसत नसेल तर टाळ्या. या दोन वेळांत आई-वडिलांनी मध्ये बोलायचं नाही. हे त्यांनाही जड जातं.

जिथे कडक व्हायचं तिथे मात्र सगळ्यांनी व्हावं. अनेक स्वमग्न मुलांना पाण्याची ओढ असते आणि ती घरातून नकळत निघून जातात. खानापूरच्या बाजूला विहिरी, ओढे, मलप्रभा, सगळं हाकेच्या अंतरावर. दाराला वरची कडी, विहिरीला जाळी, मूल दिसेनासं झालं की पहिली धाव पाण्याकडे. रस्ता, पाणी, विस्तव या तिन्हींपाशी चर्चा नाही, चित्रं नाहीत, मनगट धरून अडवायचं. अडवणं आणि मारणं यांतला फरक आजोबांना लगेच पटतो. गोठ्याला अडसर असतोच की.

आणि गणपतीचे दिवस. बेळगावची विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, कपिलेश्वरच्या तलावाकडचे रस्ते ढोलांनी हलत असतात, आणि नातवाला खांद्यावर घेऊन ती दाखवायची आजोबांची हौस असते. ती मोडू नये. मंडळाचा गणपती रात्री आठला नको, सकाळी अकराला दाखवावा, तेव्हा मंडपात झाडणारा आणि देव दोघंच असतात. कान झाकणारे मोठे हेडफोन आधी दोन आठवडे घरात रोज पाच मिनिटं घालायला शिकवावेत, नाहीतर ढोलाआधी हेडफोनवरूनच रडारड होते. मुलाच्या खिशात नाव, 'मला बोलता येत नाही' आणि घरचा फोन नंबर, मराठीतही आणि कन्नडमध्येही, कारण सापडलेलं मूल पोलिसाच्या हाती लागेल आणि पोलीस कन्नड वाचेल. मिरवणूक बघायचीच असेल तर गल्लीच्या तोंडाशी, गाडी परतीच्या दिशेला तोंड करून लावलेली. दहा मिनिटं, आजोबांच्या घड्याळानं. अकराव्या मिनिटाला मंडळाच्या अध्यक्षांनी चहाला हात धरला तरी थांबायचं नाही.